पपईवाल्याची जाहिरात

—नाही नाही अप्पा, घाई केली की फोनच्या काचेखाली बुडबुडा राहतो, मग जन्मभर तो बुडबुडा बघत बसा. बसा निवांत. स्टूल इकडे ओढा, पंखा इथेच लागतो. चहा सांगितलाय. काय म्हणता? पाटी? हो, माझीच. 'ईश्वर मोबाईल : रिचार्ज, रिपेरिंग, डिजिटल मार्केटिंग.' हसलात ना? हसा. अख्खं म्हसावद हसलं. म्हणे, ईश्वऱ्या, गावात नेट धड चालत नाही अन् तू मार्केटिंग करणार? आता तेच येतात — भाऊ, आमच्या रसवंतीचं पेज काढून दे, भाऊ, आमच्या दादांना लाईक वाढवून दे. मी कुणाला नाही म्हणत नाही. तुम्ही बाहेरगावचे, म्हणून जरा शुद्ध बोलतोय, बरं का, नाहीतर आमची अहिराणी सुरू झाली की पाहुणा नुसता मान हलवतो.

तर स्ट्रॅटेजी म्हणजे काय? मी सांगतो. आपल्याकडे काय आहे ते दाखवायचं नाही, समोरच्याला काय हवंय ते दाखवायचं. आता आमचा कुंदन घ्या. माझा जिगरी दोस्त, पपईची बाग, घरात आजारी आई, निर्व्यसनी पोरगं — आणि तिशी उलटली तरी लग्न नाही. का? शेती करतो, म्हणून! मुलीकडचे येतात, पोहे खातात, बाग बघतात, बाग छान म्हणतात आणि जाताना विचारतात, नोकरीचं काही बघत नाही का? आता बोला. पूर्वी सोयरे पारावर बसून चौकशी करायचे, न्हाव्याला विचारायचे. आता काय करतात? फोन उघडतात, नाव टाकतात. आणि कुंदनचं नाव टाकलं तर काय निघायचं? काहीच नाही! म्हणजे पोरगं जन्मलंच नाही जणू. म्हटलं, थांब, तुला मी जन्माला घालतो.

पेज काढलं. नाव पपईचं — पण जाहिरात पपईची नाही हो! पपई काय, व्यापारी बांधावर येऊन ट्रक भरून दिल्लीला नेतो, तिला कशाला जाहिरात? जाहिरात पोराची. पांढरा शर्ट माझा, चष्मा माझा — त्याला त्यातून काही दिसेना, बांधावरून दोनदा घसरला — आणि मांडीवर लॅपटॉप, तोही माझाच, रिपेरिंगला आलेला, बंद. खाली लिहिलं, 'फाउंडर, ॲग्री आंत्रप्रेन्युअर.' कुंदन म्हणे, हाई काय शे? म्हणजे, हे काय आहे? म्हटलं, तू गप बस, तूच शेस. रोज सकाळी एक सुविचार, संध्याकाळी बागेचा रील, आणि प्रतिसादाला सगळी भावकी कामाला लावलेली. प्रत्येकानं कमेंट टाकलीच पाहिजे, आणि 'सर' म्हटलंच पाहिजे! तुळशीकाकू, त्याची सख्खी चुलती, काय लिहावं तिनं? 'खूप छान मार्गदर्शन सर. कुंदन, दूध उतू जाई ऱ्हायनं, घर ये.' डोक्याला हात लावला मी. पण गंमत सांगतो, सगळ्यात जास्त लोक तिथेच आले. सुविचाराला कुत्रं विचारत नव्हतं, दुधाखाली ही गर्दी!

चहा घ्या ना, गार होतोय. तुमची काच फार बारीक तडकली होती, बोट कापलं असतं.

हां, तर तिथेच ती आली. नाशिकची पोरगी, बँकेत आहे, घरी पूर्वी पपई होती म्हणे. सरळ विचारलं — पपईवर व्हायरस आला की तुम्ही काय करता? मी लिहिलं, 'आम्ही आधुनिक तंत्रज्ञानाने संकटाचं संधीत रूपांतर करतो.' तिचं उत्तर काय? 'हे शेतकऱ्यानं लिहिलेलं नाही.' मेलो! पळत बागेत गेलो, कुंदनच्या तोंडासमोर फोन धरला, म्हटलं बोल. तो चिखलातच उभा, म्हणे, 'काय सांगू ताई, मागला साल रोग ऊना, निम्मी बाग उपटी टाकी मी. रडू ऊनं, पन उपटी टाकी, नहीतं शेजारनीबी गई ऱ्हाती.' नाहीतर शेजाऱ्याचीही बाग गेली असती, म्हणे. आणि ताई म्हणाला हो तिला! मी कपाळ बडवलं. पण रेकॉर्डिंग तसंच पाठवलं, तिनं तो आवाज ऐकला आणि दुसऱ्या दिवशी तिचाच फोन. मग मी हळूच बाजूला झालो.

आता रविवारी तिचे वडील घर बघायला येणार. सगळं जुळत आलंय, आणि हा गाढव काय म्हणतो? 'त्यास्ले मी पहिले पेजचं सांगी टाकसू. खोटं बोलीसन बायको नको माले.' मी म्हटलं, साखरपुडा होऊ दे, मग सांग, लग्न होऊ दे, मग सांग, पोरं होऊ दे — नाही! कालपासून बोलणं बंद आहे आमचं. हाही पाहुणा परत गेला ना, अप्पा, तर कुंदन आता कुणापुढे उभा राहायचा नाही. मला ठाऊक आहे त्याचं. तुम्ही जाणते आहात, तुम्हीच सांगा, कशाला सांगायचं माणसानं? बोला ना.

थांबा, वाजतोय तुमचा फोन. मी धरतो, काचेला बोट लागेल. हं, कोण बघू... जागृती.

हा फोटो तर तिचा, त्या नाशिकच्या...

घ्या अप्पा. घ्या, बोला पोरीशी.

...

झालं बोलून? रविवारी येणार होतात ना तुम्ही. न सांगता आलात, बरोबर आहे, पोरीचा बाप असाच येतो. मी काय बोलू आता, बोलायचं ते सगळं बोलून बसलोय. पण एक ऐका. चष्मा माझा, शर्ट माझा, सुविचार माझे, आंत्रप्रेन्युअर तर मलाही नीट म्हणता येत नाही. राग काढायचा तर इथे काढा, मी ऐकून घेतो. पोरगं सोनं आहे हो. मीच मूर्ख, सोन्याला मुलामा द्यायला गेलो.

काय म्हणता? बाग कुठे? आत्ताच जाता? कालव्याच्या कडेनं सरळ, पंपाची खोली लागली की हाक मारा. आणि... तो खरंच सांगेल का, असं विचारताय? सांगेल. तुम्ही टेकायच्या आधी सांगेल. त्याच्यातली तेवढी एकच गोष्ट मी शिकवलेली नाही.

पैसे नकोत. जा तुम्ही. नाही, मी त्याला कळवणार नाही — हा बघा, माझा फोन बंद केला.