भुलाबाईचा खाऊ

(कारंजा घाडग्याजवळचं एक गाव, सन १९८२. भुलाबाई, म्हणजे मुलींचा घरोघरी गाणी म्हणत फिरायचा महिनाभराचा खेळ, बसायची आहे म्हणून आनंदाबाई दुपारचं अंगण सारवत आहेत. त्यांची भाची जयवंता जाम गावाहून आली आहे आणि तिच्यासोबत बिस्किटांची खोकी.)

आनंदाबाई : पन मले एक सांग जयवंते, नागपूरले तू गान्याचा अभ्यास करत होती का बिस्किटाचा?

जयवंता : गाण्याचाच, आत्या. समाजशास्त्रात प्रबंधाले भुलाबाईच तं घेतली होती मी. सालभर तुह्याच घरी राह्यली ना त्याच्यासाठी.

आनंदाबाई : म्हनून तं इचारतो. माया भाऊ अख्ख्या जाममधे सांगत फिरते, पोरगी कॉलेजात प्राध्यापक होते म्हनून. अन् पोरगी एस्टीच्या टपावरून खोके उतरवून राह्यली! कंडक्टरले वाटलं असन, हिनं दुकान टाकलं.

जयवंता : हास, हास. त्यानं इचारलंही, ठोक का चिल्लर म्हणून.

आनंदाबाई : मंग गान्यातून इकडं कशी घसरली?

जयवंता : खाऊ ओळखता ओळखता. गाणे झाले का पोट्ट्या डब्बा हलवून ओळखतात ना, आत काय आहे ते? पह्यल्यांदा आली होती तवा ओळखत फुटाणे, मुरमुरे, खोबरं-साखर. मागच्या साली आली, तं डब्बा हलवल्याबरोबर पोट्टी काय ओरडली? बिस्कीट! आत होते शंकरपाळे.

आनंदाबाई : मायेच होते थे. चुलीपुढं बसून कंबर मोडली माई, अन् पोट्टी म्हनते बिस्कीट.

जयवंता : हेच मी नागपूरले धंद्याचं शिकवणाऱ्या एका सरांले सांगितलं. म्हटलं, जे नाव पह्यले तोंडात येते ते घरात शिरलं समज. सर म्हणाले, अगं, हे तं बाजाराचं संशोधन झालं! खेड्यातली बाई काय घेते, काऊन घेते, कोणालेच माहीत नाई. आता त्यांच्या व्यवस्थापनाच्या संस्थेत खेड्यातल्या बाजाराचा नवा विभाग निघते. पैसा बिस्किटाची कंपनी देते. मले तात्पुरतं घेतलं.

आनंदाबाई : अन् पक्कं कवा?

जयवंता : सर म्हणतात, किती खातात ते कोणीही मोजन. काऊन खातात ते शोधून आण, मंग खुर्ची तुही. म्हणून हे खोके. महिनाभर घरोघरी पाकीट द्याचे, डब्यात तेच ठेवाचं, अन् भुलाबाई झाल्यावर बाया दुकानातून स्वतः घेतात का ते पाहाचं. बाया तुह्या शब्दाबाहेर नाईत. तू फक्त हो म्हण.

आनंदाबाई : नाई.

जयवंता : ऐकून तं घे!

आनंदाबाई : ऐकलं. साऱ्याइच्या डब्यात एकच खाऊ असला तं पोरी ओळखतीन काय? डब्बा हलवाचा कशाले? खेळच बसला ना बाई तुया.

जयवंता : महिनाभराचा तं प्रश्न आहे.

आनंदाबाई : भुलाबाईही महिनाभरच राह्यते.

जयवंता : आत्या, हे गेलं तं मले दुसरं काई नाई. समाजशास्त्राच्या जागा निघतच नाईत. अन् बाबा जाममधे काय सांगत फिरतात, ते तूच सांगितलं आता.

आनंदाबाई : भावासाठी जीव तुटते वो माया. पन... थांब, लीला आली. ये लीलाबाई, बस. पाय जपून ठेवजो, वलं हाये.

जयवंता : या काकू. भिंतीपलीकडून आल्या तरी पाहुण्यावानी उभ्या? तुमची पोट्टी सुलोचना कशी आहे?

लीलाबाई : बरी हाये. खोके उतरताना पाह्यले, म्हनलं इचारून यावं. वाटनार कवा हाये?

आनंदाबाई : वाटनार नाई. मीच नाई म्हनलं.

लीलाबाई : काऊन जी?

आनंदाबाई : खेळाची मजा जाते म्हनून. तुया सुलीलेच इचार ना. बरी आठवली, मागच्या साली भुलाबाईत दिसलीच नाई ते?

लीलाबाई : पोट दुखे तिचं.

आनंदाबाई : महिनाभर?

लीलाबाई : जाऊ द्या ना बाई.

जयवंता : काकू, काय झालं होतं?

लीलाबाई : काय होनार? आमच्या घरी फुटाने. उद्याही फुटाने, परवाही फुटाने. मी दिवसभर लोकाइच्या वावरात निंदाले जातो, शंकरपाळे कवा करू? आमच्या आंगनात गाने झाले का पोरी डब्बा हलवतच नाई. आधीच ओरडतात, फुटाने! अन् हासतात. लहान हायेत, त्याइची चूक नाई. पन मागच्या साली सुली पह्यल्याच दिवशी डब्बा घेऊन आत गेली थे महिनाभर बाहेर आलीच नाई.

आनंदाबाई : अन् हे तू मले आज सांगतं?

लीलाबाई : काय सांगू? तुमच्या घरी रोज नवं राहे. मंग एक-दोनदा चहाचं दूध नाई घेतलं, बिस्किटाचा पुडा आनला. त्या दिवशी नाई हासल्या. म्हनून म्हनलं, साऱ्याइच्या डब्यात एकच असन तं बरंच हाये. कोनी कोनाले हासनार नाई.

जयवंता : काकू, एक खोकं आत्ताच घेऊन जा.

लीलाबाई : मले एकटीले नको बाई. मंग तं आनखी हासतीन. द्याचं असन तं साऱ्याइले द्या, नाईतं राहू द्या. जातो मी. वासरू सुटलं वाटते.

आनंदाबाई : कायचं वासरू अन् कायचं काय. डोये पुसत गेली ते.

जयवंता : पाह्यलं मी.

आनंदाबाई : मले आपलं वाटे, सुलीले खेळ आवडत नाई. वाट मंग खोके. यंदा ओळखाचं नाई झालं तरी चालन. पोट्टी बाहेर तं येईन.

जयवंता : हो, वाटते मी खोके.

आनंदाबाई : मंग तोंड काऊन पाडलं? तुयं काम झालं ना. काऊन घेतात थे घरबसल्या भेटलं तुले.

जयवंता : त्याच्यानंच. हे सांगितलं ना आत्या, तं सर उठून हात मिळवतीन. खुर्ची माहीच. अन् पुढच्या साली कंपनी भिंतीभिंतीवर रंगवन, तुमच्या पोरीले कोणाले हासू देऊ नका, आमचा पुडा आणा. लीलाकाकू ते शेजारणीपुढं बोलली, कंपनीपुढं नाई. अन् ज्या घरी फुटाणेही नाईत त्या घरची पोट्टी ते वाचन, तवा?

आनंदाबाई : गान्याचाच अभ्यास करत असती तं लिहलं असतं?

जयवंता : लिहलं असतं. कोणाच्या कामाचं नसतं ना ते. कपाटात सुखानं राह्यलं असतं.

आनंदाबाई : मंग आता सरांले काय सांगशील?

जयवंता : सांगीन, पोट्ट्याइले गोड आवडते.

आनंदाबाई : एवढ्यावर खुर्ची देतीन?

जयवंता : एवढं तं त्यांले आधीच माहीत आहे.

आनंदाबाई : अन् माया भावाले काय सांगू मी?

जयवंता : बाबांले मी सांगीन. तू फक्त माही खुर्ची गेली हे लीलाकाकूले कळू देजो नको. कळलं, तं ती पाकीट घेणार नाई.