खोट्या आजीबाई

हॅलो? … बोल, ठमे. … छे गं, जागाच होतो, दुपारची कुठली झोप. … रात्री? रात्री झोपतो की. घोरतो चांगला. … आवाज? रेडिओ आहे तो. तुझ्या खोलीतला. … कुणी नाही गं, चालू राहतो आपला. थांब, बंद करतो.

हां, बोल. … मिळाला ना, तुझ्या मैत्रिणीने पाठवलेला सरावाचा कागद. कोपऱ्यावरून प्रिंट काढून आणली, फोनवरचं बारीक अक्षर कुठे दिसतंय मला. … अंहं, तुला नाही वाचून दाखवणार. पेशंटचा कागद पेशंटकडेच.

पण आधी नीट सांग, उद्या तिथे करतात काय? … हं… हं… म्हणजे एकामागून एक खोल्या. घंटा वाजली की आत, पुन्हा वाजली की बाहेर. … आणि एका खोलीत खोटा पेशंट? पगार देऊन बसवलेला? … अगं, पण रसायनशास्त्र कधी विचारणार? … विचारतच नाहीत? मग इथे भिंतीकडे तोंड करून काय घोकत होतीस? मी शिलाई मशीनसुद्धा हळू चालवायचो. … बरं, बरं. ती परीक्षा झाली, आता माणसाशी कशी बोलतेस ते बघतात. कळलं. … हसू नकोस, शिंप्यालाही तेच बघावं लागतं. माप देताना पोट आत घेतात लोक.

आणि फार्मसीला प्रवेश मिळाला की तिकडेच ना, चार वर्षं? … नाही, चांगलंच आहे. चांगलंच आहे म्हणतोय मी.

चल, वाजली घंटा. मी आजीबाई आहे हं, सत्तरीच्या. … आवाज असाच आहे माझा, चालवून घे. "मॅडम, झोपेच्या गोळ्या द्या, मागच्या संपल्या, रडवेल्या आवाजात." … काय झालं? … अच्छा, ते वाचायचं नसतं, करायचं असतं. कंसात आहे खरं. … हसून घे. … झालं? पुन्हा.

"मॅडम, झोपेच्या गोळ्या द्या." … "चिठ्ठी जुनी आहे, पण तुम्ही ओळखता की मला." … "डॉक्टर काय, फिरायला जा म्हणणार." … "नाही हो, संध्याकाळचा चहा कधीच सोडला." …

काय विचारलंस? … नाही, ऐकू आलं. घरी बोलायला कोण असतं. … थांब, उत्तर कुठे आहे बघतो.

"…आहे ना. मुलगी आहे. शिकायला लांब गेलीय. हुशार आहे फार." … "करते की फोन, वेळ मिळाला की." … "दिवस जातो हो, गिऱ्हाईक येतं, जातं. दिवे लागले की मग… जेवायला बसलं की घास नुसता फिरत राहतो तोंडात. तिची आई होती तेव्हा… मग उठून तिच्या खोलीत जायचं आणि…"

… आहे, आहे मी. … काही नाही, ठसका लागला. … अगं, लिहिलंय तसं. रडवेल्या आवाजात. … हो, आईचंही. दुसऱ्या पानावर आहे ते. … मी कशाला रडू? … जमलं ना? बघ. नाटकात जायला हवं होतं मी.

ऐक… अगं, ऐक ना. तो प्रश्न उद्या नक्की विचार. … गोळ्या द्यायच्या की नाही ते नंतर. आधी तो. … असू दे खोटा पेशंट. विचारलं की बरं वाटतं माणसाला.

… नाही, मधेच उठून यायचं काही कारण नाही. मी मजेत आहे. … हो, झोपेन. … कागद? पाठवतो ना, उद्या, तुझं झालं की. आत्ता बघू नकोस. … निळा ड्रेस घाल, बाहीची शिवण घट्ट केलीय मी. … हो, ठेव. तू ठेव आधी.

हॅलो? … ठमे?

… एकच पान आहे गं.