हुकूम कोणाचा?

दातांच्या दवाखान्यात बसलेल्या व्हर्नाबाईंच्या कानावर शेजारच्या दोघींचं बोलणं पडलं.

"डार्लीन, अगं रडतेस काय?"

"माझ्या लेकीला, टेसाला नॅशनल गार्डने बोलावलंय. आजच निघायचंय. तुझ्या रॉयसारखी वर्षभर परदेशी जाणार गं!"

"रॉय राखीव फौजेत होता. ती थेट वॉशिंग्टनच्या हुकमातली. गार्ड म्हणजे राज्याची फौज, तिला आपला राज्यपालही बोलावू शकतो. हुकूम कोणाचाय?"

"तिने हुकमाच्या कागदाचा फोटो पाठवलाय, थांब... हुकूम राज्यपालांचा आहे."

"आणि काम?"

"मस्कटीनला नदीकाठी पूर अडवायला वाळूची पोती रचायची."

"अगं वेडे, तासाभराची वाट ती!"

"म्हणजे लढाईबिढाई नाही?"

"आहे की, चिखलाशी!"

डार्लीन हसता हसता पुन्हा रडली. व्हर्नाबाईंनी आपला रुमाल पुढे केला.

"घे गं बाई, पूस डोळे. आणि पोरीला गमबूट दे."