इवाबुची काही पडत नाही

…नाही, मला सांगा, माणसानं माणसावर जळावं तरी किती? शेजाऱ्याची गाडी बघून जळावं, त्याच्या दाढा शाबूत आहेत म्हणून जळावं, तेही चालेल एक वेळ, पण टाइपरायटरनं टीव्ही गिळल्यासारख्या दिसणाऱ्या एका पिवळ्या पडलेल्या डबड्यावरून सत्तरीला टेकलेला माणूस जळतो? जळतो! तो माणूस म्हणजे मी, तोकुझो, ओसाकातला तातामीवाला, चटया शिवून शिवून बोटं वाकडी झालेला. आणि डबडं? इवाबुचीचं! आणखी कोणाचं असणार? साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, दुकानाचा एकुलता एक वारस, गोल गरगरीत, गल्लीत सायकल पहिली त्याला, मिशी पहिली त्याला, आणि कॉम्प्युटर पहिला कोणाला? विचारूच नका. तुम्हाला सांगतो, जन्मभर वाट बघतोय मी, पण इवाबुची काही पडत नाही!

तरुणपणी आमच्यासारख्या फाटक्यांनी काय करायचं? मोठ्या दुकानाच्या सहाव्या मजल्यावर जायचं. तिथं कॉम्प्युटर विकायला मांडलेले असायचे, आणि विकत न घेणारी आमची पलटण दिवसभर त्यांना चिकटलेली. मासिकात छापलेला प्रोग्राम मांडीवर ठेवायचा आणि एका बोटानं टाइप करत बसायचं. आणि काय यंत्र होतं हो ते! बटण दाबलं की हजर! काळा पडदा, हिरवी अक्षरं, कोपऱ्यात एक चौकोन डोळा मिचकावतोय, "बोला मालक!" आता नातीचा लॅपटॉप उघडा, आधी गोल गोल फिरतो, मग म्हणतो थांबा, मी सुधारतोय… अरे, मी म्हातारा झालो, तू अजून सुधारतोच आहेस? आणि दुसरी गंमत म्हणजे, त्या यंत्राला कांजी, म्हणजे ती हजारो किचकट चित्राक्षरं, यायची नाहीत. नुसती साधी काताकाना, पहिलीतल्या पोरांची अक्षरं. अर्ध्यातून शाळा सोडल्यामुळं मलाही तेवढीच यायची! पहिल्यांदाच कोणीतरी माझ्या बरोबरीचं शिकलेलं भेटलं.

तर एका रविवारी मी मासिक दिलं फेकून आणि स्वतःच्या डोक्यानं खेळ रचला. नाव, 'इवाबुचीला गटारात पाडा'. पडद्यावर एक मोठ्ठं गोल शून्य चालत येतं, तो इवाबुची. पुढं गटार. आपण बटण दाबून त्याच्या पायाखालची चटई ओढायची. सकाळपासून टाइप करतोय, भूक मेली, बोट सुजलं, आणि गटारापाशी आला की पडायचं, ही एकच ओळ राहिली, एकच, तर दुकान बंद व्हायची धून वाजली! सहाव्या मजल्यावरची विक्रेती होती चिझुरु. कमरेत वाकून म्हणाली, "गिऱ्हाईकसाहेब, उद्या पुन्हा या," आणि बोट नेलं बटणाकडं. मी गेलो खाली चडफडत. आमचं ते रोजचंच होतं. दिवसभर लिहायचं, संध्याकाळी चिझुरुनं बटण बंद करून सगळं पुसायचं. पुढं मी तिच्याशी लग्न केलं, म्हटलं घरात तरी बटण माझ्या हाती राहील… हसा! लग्न झालेलेच हसताहेत बघा.

आता परवाची गोष्ट. गल्लीच्या सभागृहात इवाबुचीनं जुन्या कॉम्प्युटरचं प्रदर्शन मांडलं. डबड्यावर रेशमी फडकं, शेजारी हा कोट घालून उभा, लग्नातल्या नवऱ्यासारखा! म्हणाला, आज एक खास वस्तू दाखवतो. कॅसेट घातली, तेव्हा प्रोग्रामही गाण्यांसारखे कॅसेटवरच ठेवायचे. मग ते कॅसेटचं किंचाळणं, मांजराची शेपटी दारात सापडल्यासारखं, पोरं कानावर हात ठेवून, आम्ही म्हातारे डोळे मिटून, जणू काही भजन चाललंय… आणि पडद्यावर काय उमटलं?

'इवाबुचीला गटारात पाडा'.

मग इवाबुचीनंच सगळं सांगितलं. त्या संध्याकाळी मी जिना उतरत होतो तेव्हा तिथंच कॅसेटी घ्यायला आलेल्या ह्यानं चिझुरुला बटणावरच थोपवलं होतं, आणि स्वतःचा टेपरेकॉर्डर जोडून माझा खेळ उतरवून घेतला होता. इतकी वर्षं जपला! पोरांची रांग लागली. चटई ओढतात, शून्य कोलमडायचं सोडून डुलत डुलत गटारावरून चालत पलीकडे. ती ओळच नाही ना! पोरं टाळ्या पिटताहेत, "इवाबुची जिंकला, इवाबुची जिंकला!" म्हणजे बघा, खेळ माझा, शिवी माझी, आणि टाळ्या कोणाला? वर चिझुरु माझ्या कानाशी, "अहो, किती मोठं मन! स्वतःची टिंगलसुद्धा जपून ठेवली." घ्या! साकेचं दुकान त्याचं, कॉम्प्युटर त्याचा, आता मोठं मनही त्याचंच! माझ्यासाठी ठेवलंय काय ह्या माणसानं?

तेवढ्यात त्यानं खुर्ची पुढं सरकवली. हळूच म्हणाला, "बस, तोकु. ती ओळ घाल. बघू तरी मी पडतो कसा."

बसलो. ओळ आठवत होती हो, अक्षर न् अक्षर! अर्धी झाली, पाऊण झाली… आणि बाहेर खांबावरच्या भोंग्यावर रोजची पाचची धून! सभागृहाची किल्ली गल्लीत कोणाकडं? चिझुरुकडं. पाचला बंद म्हणजे बंद. तेच बोट, तीच कंबर वाकवून, "अहो, पुढच्या वर्षी पुन्हा या." खट्ट!

पडदा काळा.

परत येताना इवाबुची पुढं, डबडं छातीशी धरलेलं, कॅसेट त्याच्यावर, पायाखालचं काही दिसत नाही. आणि कोपऱ्यावर… गटाराचं झाकण काढलेलं! तुम्हाला सांगतो, आभाळानं स्वतः ओळ पुरी करून दिली होती. एक पाऊल, दुसरं पाऊल… आणि मग माझी नजर त्या कॅसेटवर गेली. अहो, माझा खेळ होता तो. जगात तेवढा एकच!

"इवाबुची, गटार!" मीच ओरडलो.

थांबला. वळसा घालून गेला.

नाही पडला.