पंचवीस तारीख सोडून बोल

—नाही. नाही म्हणजे नाही, निमिष. पंचवीस तारीख सोडून बोल. चोवीस घे, सव्वीस घे, एकतीसची रात्र माग, तीही करते. पण नाताळच्या दिवशी मी या हॉस्पिटलात पाऊल ठेवणार नाही. बस की, उभा काय राहिलास? चहा घे. बिस्किटं वरच्या प्रेसमध्ये असतील— बघ, कपाटाला प्रेस म्हणायला लागले मी, आयर्लंडात, या नावनमध्ये राहून राहून दुसरं काय होणार! माझी ड्यूटी संपलीय, निहारिकाला शाळेतून आणायला निघालेय, तोवर पाच मिनिटं बसते तुझ्याशी. आज मी येणार म्हणून सकाळपासून नाचतेय पोरगी.

माहितीये रे, तुझी बायको चोवीसला उतरतेय. लग्न झालं आणि कोविडनं दोघांना दोन देशांत ठेवलं, सगळं माहितीये. आणि ड्यूट्यांचा रोटा लावणारा तो बाबा, इथल्या भाषेत युवर मॅन, काय म्हणतो, तर तुमचं तुम्ही आपसात मिटवा! निम्मे लोक पॉझिटिव्ह, त्या ओमायक्रॉननं पार वाट लावलीय, आणि आपण काय मिटवायचं, कपाळ? मग सगळे म्हणाले असतील, देवयानीताईंना विचार, त्या नाही म्हणत नाहीत. म्हणाले ना? वाटलंच. पावणेदोन वर्षं हेच चाललंय. काय? 'तुम्ही आत्ताच जर्मनीला जाऊन आलात की'? हो, आले. फोटो दाखवत फिरले ना सगळ्यांना, भोगा आता.

ऐक, सुट्टी कशी झाली ते सांगते. केदारनं शोधलं सगळं— हॉटेल नको, गर्दी नको, म्हणून एका शेतावरची खोली. सपाट रान, गवतावर पांढरंशुभ्र हिव पडलेलं, मागे गोठा. आणि मी काय करावं? पहिल्याच पहाटे डोळे टक्क उघडे. खाली गोठ्यात दिवा दिसला, गेले. मालकीणबाई एकटीच राबत होती. तिला इंग्लिश येईना, मला जर्मन येईना. तिनं बादली पुढे केली, मी घेतली. झालं! रोज पहाटे वासरांना दूध पाज, पेंढा टाक. सुट्टीला गेले आणि तिथंही ड्यूटी लावून घेतली— हस, हस. पण इतकं बरं वाटायचं म्हणून सांगू! गाईंना ऑक्सिजन नाही, मास्क नाही, कुणाच्या घरी फोन करून काही सांगायचं नाही. आणि मग नाश्त्याला वर यायचे ती डुलक्या खातच. केदार आणि निहारिका कोंबड्या बघायला, ट्रॅक्टरवर बसायला, आणि मी पलंगावर आडवी, पार अंधार पडेपर्यंत.

शेवटच्या संध्याकाळी गावातला नाताळचा बाजार. चर्चसमोर लाकडी टपऱ्या, दिव्यांच्या माळा, गरम वाइनला लवंग-दालचिनीचा वास— मी म्हटलं, कुणी मसालेभात टाकलाय की काय! शिरताना लशीचं सर्टिफिकेट दाखवायचं, मग ते मनगटाला पट्टी बांधतात. माझ्या पट्टीवर मी सवयीनं नाव वाचायला गेले, पेशंटचं वाचतो तसं. असो. निहारिकाला एकच हवं होतं, ते लाकडी घोड्यांचं मेरी-गो-राउंड. त्यातला काळा घोडा. 'मॅमी, यू कम विथ मी. नॉट डॅड.' मराठी सगळं कळतं हं तिला, पण बोलणार इंग्लिशच, तेही अगदी इथलं. आधी म्हणाली बग्गीत बसू दोघी, मग मी घोड्यावर जाईन. बसलो, संगीत सुरू झालं, आणि— मी झोपले. अरे, खरंच! त्या गोंगाटात, त्या थंडीत. जाग आली तर माझं डोकं तिच्या खांद्यावर, आणि ती आठ वर्षांची पोर ताठ बसलेली, तसूभर हलायची नाही. केदार आपला तिकिटावर तिकिटं काढतोय. का? तर हिनं त्याला खुणेनं सांगितलेलं, उठवू नको. काळा घोडा राहिलाच मग. केदारनं काढलाय फोटो, तो नाही मी कुणाला दाखवला.

बरं, इथवरही ठीक. गुणाची पोर, म्हणून मीच कौतुक केलं. पण परत आल्यावर एकदा सासूबाईंशी व्हिडिओ कॉलवर बोलत होती, मी जिन्यात. सांगते काय, 'मॅमी इज ग्रँड ॲट वर्क, आजी. शी ओन्ली गेट्स टायर्ड विथ अस.' म्हणजे कामावर मी एकदम मजेत, दमते ती त्यांच्यामुळे! आणि तिचं तरी काय चुकलं? कामावरची आई तिनं कुठे पाहिलीय? तिनं पाहिलेली आई म्हणजे सोफ्यावर घोरणारी. इतक्या लोकांना फोनवर नको त्या बातम्या दिल्या, आवाज हलला नाही रे माझा कधी. त्या जिन्यात मात्र पायरीवरच बसले.

म्हणून पंचवीस. काय करणार आहे? काही नाही. जागी राहणार. ती प्रेझेंट उघडेल तेव्हा जागी, जेवताना जागी, ती झोपेपर्यंत जागी. एवढं एकच हवंय मला, निमिष. तेव्हा तू दुसरं कुणीतरी बघ, बायकोला सांग की ताई— निमिष? ऐकतोयस ना? अरे, कप, कप! सांडेल अंगावर— दे इकडे.

झोपला. बसल्या बसल्या. केव्हापासून एकटीच बडबडतेय मी.

आणि याचा हा कमरेचा पेजर, ब्लीप, आत्ताच वाजायचा होता! नको, नको उठूस, पड तसाच. मी घेते. फोन कुठाय इथला— हॅलो? यस, देवयानी हिअर. नो, नो, ही इज बिझी, आय'म कमिंग. मी? आय'म ग्रँड, ग्रँड.

थांब, केदारला मेसेज टाकते आधी, शाळेतून आज तूच आण म्हणून. झोप रे तू. पंचवीसचं— बघू नंतर.