झोपाळ्यावर न बसणारी सून

— नाय हो ताई, पोट नाय दुखत तिचं. पोटाच्या मागची बाजू. आता कसं सांगू — मूळव्याध! घ्या, बोलले एकदाची. सातवा महिना आणि मूळव्याध. आता आत डॉक्टरीणबाईंकडे गेली ना, हिरव्या गाऊनवाली, ती माझी सून, तेजस्वी. तुमची मुलगी पहिलटकरीण काय? मग ऐकून ठेवा, उपयोगी पडेल. रविवारी हिचं डोहाळजेवण होतं. मुलगा माझा, निलेश, मुंबईला, त्याला रजा नाय, म्हणून सगळं मीच उभं केलं — झोपाळ्याला फुलं, हिरवी साडी, मुकुट, धनुष्यबाण, अख्खी वाडी जमलेली. आणि ही बया झोपाळ्यावर बसेना! टेकते, उठते, टेकते, उठते. मी आपली हसत हसत खांदा दाबतेय — बस गो, ओटी भरायचीय, फोटो काढायचेत. सीताकाकीनं गाणं धरलं, आणि दुसऱ्या कडव्याला ही ताडकन उभी! मुकुट एका कानावर, आणि काय ओरडावं? आई, मला मूळव्याध झालीय, मी नाय बसणार! गाणं बंद. पेढा की बर्फी ओळखायच्या वाट्या तशाच झाकलेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण पुढे काय झालं सांगू? एकेकीला कंठ फुटला. यमुनाबाई म्हणे, मला तिसऱ्याच्या वेळी झालेली. हौसा म्हणे, मी तर कुशीवर पडून जेवायची. वेण्या माळलेल्या बायका, पानात पुरणपोळी, आणि विषय हा! अख्ख्या वाडीचं बूड दुखत होतं हो, आणि एवढी वर्षं एकीनं तोंड उघडलं नव्हतं. मग उपाय सुरू — एक म्हणे सुरण खा, एक म्हणे दुर्वांचा रस — आणि चिमा, माझी नणंद, दाभोळला दिलेली, ती म्हणाली, आमच्याकडे एक वैदू पूड देतो, मुळासकट जातं. दोन दिवसांत पूड घरात. काळीकुट्ट, वास सुक्या बांगड्यासारखा.

आता मी काय एवढी खुळी नाय. आधी स्वतः घेऊन बघितली, ताकातून. — नाय, नुसती बघायला नाय... आता तुम्ही बाईमाणूस, तुमच्यापासून काय लपवायचं? मलाही आहे. निलेशच्या वेळेपासून. त्याचं लग्न झालं, त्याला मूल व्हायची वेळ आली, माझी मूळव्याध आपली तिथंच. रक्त पण पडतं मधूनमधून. कुणाला सांगितलं? कुणालाच नाय. नवऱ्याला नाय, आईला नाय. भातलावणीला वाकलेली असते तेव्हा बरी, एसटीत बसायचं म्हटलं की मरण. लग्नाच्या पंगतीत मी कायम वाढायला पुढे, लोक म्हणतात, बाई काय कामसू आहे! कामसू कसली डोंबलाची, पाटावर टेकवत नाय म्हणून. तर पूड घेतली आणि दिवसभर माझ्या संडासाच्या फेऱ्या, पोटात नुसता मुरडा. मला वाटलं, वा, लागू पडतंय! आणि काल सकाळी ताकाचा पेला हिच्या हातात दिला. पी म्हटलं. ठेवा, पिते, म्हणाली. मी गोठ्यातून येते तर पेला रिकामा.

संध्याकाळी आमच्या वाडीची आशाताई आली, सावित्री, दवाखान्यातर्फे पोटुशींची चौकशी करत फिरते ती. तिनं पुडीचा वास घेतला आणि मला असं झापलं! पोटुशीला असली जुलाबाची पूड देता? त्यात काय कालवलंय कुणाला ठाऊक? बाळाचं काय झालं म्हणजे? उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे न्या. — तेव्हापासून माझ्या घशाखाली घास नाय उतरलेला, ताई. तिला विचारलंसुद्धा नाय, प्यायलीस काय म्हणून. कसं विचारू? हो म्हणाली तर? त्या बाळाला माझ्या हातानं काय झालं तर मी निलेशला कुठलं तोंड —

आली. आली बघा. — काय गो? काय म्हणाल्या बाई? ठोके नीट आहेत? खरं सांग! देवा भैरी, सुटले. आणि ते ताक? मोरीत? मोरीत ओतलंस? आणि मला सांगायला तुझी जीभ झडली होती काय गो? — रडत नाय मी, गप. ऐकलंत ताई? मोरीत ओतलं! माझं नशीब थोर म्हणून सून माझं ऐकत नाय. — बरं, आणखी काय? शौचाला मऊ होण्याचं औषध, त्यांनीच दिलेलं मलम, कोमट पाण्यात बसायचं, पाणी भरपूर, पालेभाजी, फळं. आणि लोहाच्या गोळ्या? चालूच ठेवायच्या, आपल्या मनानं बंद नाय करायच्या. ऐकताय ना ताई, लेकीला सांगा. चला, रिक्षा बघते.

काय? आत कुणाला बोलावलंय? मला? मला कशाला, मी धडधाकट — काय सांगितलंस तू त्यांना? रक्ताचं पण? तुला कुणी सांगितलं? ... धुणं तूच धुतेस, हो. एवढे दिवस माहीत होतं आणि बोलली नाहीस? — मी ओरडले असते म्हणून? हो, ओरडलेच असते.

ताई, तुम्ही जरा तिकडे बघा बघू. आमचं घरचं चाललंय. — तेजस्वी, हात दे. तूच सांग गो बाईंना. मला नाय बोलता यायचं.