सँड्रीनाच्या गाडीचे प्लग

सावंतवाडीच्या स्टँडवर गौरजा मालवणच्या गाडीसाठी रांगेत उभी होती. तिच्या मागे एक वयस्क जोडपं होतं, नवऱ्याच्या हातात स्पार्क प्लगची नवी खोकी. गाडी काही येईना, तशी गौरजा त्यांचं बोलणं ऐकत राहिली.

"घेतलात एकदाचे प्लग."

"घेवकच होये. फाल्या सकाळीच आपल्या चेडवाचा, सँड्रीनाचा लगीन. गाडी सुरू झाली नाय तर ती चर्चात पोचतली कशी?"

"पण इंजिनाक टर्बो बसवन हे थंड प्लग तिणाच घातल्यान ना?"

"शर्यतीत ते बरे, फ्रान्सिस्का. आपल्या गावच्या रस्त्यार ते तापतच नाय, काजळी धरतत. मगे सकाळी इंजिन गार आसला की गाडी नुसती खोकता."

"ह्या तुमका म्हयनोभर ठावक आसा. इतके दिवस बदलूक कित्याक नाय?"

नवऱ्याने खोकी या हातातून त्या हातात घेतली.

"गाडी सुरू होय नाय, म्हणान रोज सकाळी ती बॉनेट उघडी. मी पानो धरून बाजूक उभो. गजाली होयत. लगीन झाला की ती जातली मडगावाक."

फ्रान्सिस्का हसली.

"एक सांगू? असलेच गरम प्लग तिच्या कपाटात कधीपासून पडान आसत. मी बघलंय."

"मगे तिणा घालूक कित्याक नाय?"

"ता तिकाच इचारा."

तेवढ्यात गाडी लागली. रांग पुढे सरकली.

"मगे हे नवे दुकानात परत देतलात?" फ्रान्सिस्काने विचारलं.

"नको. फाल्या हेच घालतलंय. ते थंड प्लग पुसून ठेवतलंय. ती माहेराक इली की तेच परत बसवतलंय."